बिनपायांची नवरी

अलकनंदाबाई चौबळांना बाहुल्यांचा कंटाळा आला होता. साधासुधा नाही, अगदी वीट आला होता. सकाळी उठून बाहेरच्या खोलीत यावं तर टेबलावर डोकी नसलेली धडं, धड नसलेली डोकी, तारेचे हात आणि सनईवाल्याचे फुगलेले गाल. बघितलं की बाईंना वाटायचं, आल्या पावली परत जावं आणि रजईत शिरावं. पण शिरतंय कोण? जानेवारीचा महिना, बाहेर दिल्लीचं धुकं, आणि द्वारकेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत ऊन यायचं ते दुपारी जरासं, घाईत असलेल्या पाहुण्यासारखं. बारीक शिवणकाम तेवढ्यात उरकायचं. ट्यूबलाइटखाली बाईंना हल्ली सुईचं नेढं दिसत नसे.

बरं, कंटाळा आला म्हणून सांगायची सोय नव्हती. दिल्लीतल्या मराठी घरात लग्न ठरलं की हॉल बुक व्हायच्या आधी अलकाकाकूंना फोन जायचा. रुखवतातला लग्नाचा देखावा त्यांनीच करायचा, हा जणू कायदाच होता. पाटावर मुंडावळ्या बांधलेला नवरा, समोर पिवळ्या साडीतली नवरी, मध्ये अंतरपाट धरलेले भटजी, नवरीच्या मागे मामा, दिवा घेतलेली करवली आणि कडेला सनई-चौघडा. सगळी मंडळी वीतभर उंचीची आणि सगळी हाताने केलेली. लोक लग्नाला यायचे, आणि चकल्या-लाडवांच्या ताटांकडे ढुंकूनही न बघता या पाटापुढे फोन काढून उभे राहायचे.

हे लचांड मागे लागलं सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. बाईंचे यजमान श्रीपादराव तेव्हा मिनिस्ट्रीत नोकरीला होते. शेजारच्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि पुण्याहून निघालेलं रुखवत गाडीत चेंगरून चपटं होऊन पोचलं. नवरीची आई रडायला लागली. अलकनंदाबाई तेव्हा तरुण होत्या, हातात कला होती आणि अंगात रग होती. त्यांनी श्रीपादरावांचे जुने बनियन कापले, चहाच्या पाण्यात बुडवून अंगाचा रंग आणला, गल्लीतल्या रजईवाल्याकडून मूठभर कापूस मागून आणला आणि बघता बघता लग्न उभं केलं. तेव्हापासून दिल्लीतल्या निम्म्याअधिक मराठी नवऱ्यामुलींचे चेहरे माझ्या बनियनचे आहेत, असं श्रीपादराव चारचौघांत सांगायचे. बाई डोळे वटारायच्या, पण तेच पुढे पक्कड घेऊन तारा वाकवून द्यायचे, किनारी बाजारात जाऊन जरीच्या पट्ट्या आणायचे आणि भटजींची शेंडी तर दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत.

इथवर ठीक होतं. पण मग कुणीतरी म्हणालं, अलकाकाकूंना हातगुण आहे हं! त्यांच्या बाहुल्या ज्या लग्नात, त्या जोडप्याचं चांगलंच होतं. कोण म्हणालं देव जाणे. आता कापसाच्या बाहुल्यांचा आणि संसार टिकण्याचा काय संबंध, सांगा बरं! पण अशा गोष्टी पसरायला वेळ लागत नाही. गणपतीच्या मंडळात बायका येऊन बाईंचा उजवा हात आपल्या हातात घ्यायच्या, उपवर मुलींना पाया पडायला लावायच्या. आणि खरं सांगायचं तर बाईंनाही ते गोड लागायचं. आयुष्यभर सेक्शन ऑफिसरची बायको म्हणून वावरलेल्या बाईला स्वतःच्या हाताचं नाव झालेलं का नाही आवडणार? आवडलं, आणि मग त्या नावाचं ओझं झालं. ते खांद्यावरून उतरवून ठेवायचं कुठे, हे काही त्यांना कळेना.

एक गोष्ट मात्र बाहेर कुणाला ठाऊक नव्हती. बाईंच्या बाहुलीतल्या नवरीला पाय नसायचे. नवऱ्यामुलाला असायचे, कारण त्याच्या धोतरातून पोटऱ्या दिसतात. भटजींना असायचे, मामांना असायचे, चौघडा वाजवणाऱ्यालासुद्धा मांडी घातलेले पाय असायचे. नवरीला कमरेखाली पुठ्ठ्याचा शंकू, त्यात ठासून कापूस, वरून साडी. निऱ्या पाटावर छान पसरवायच्या आणि पाटाला पाडलेल्या भोकांतून जाड दोऱ्याने खालून शिवून टाकायच्या. वेळ वाचायचा आणि नवरी कशी ताठ उभी राहायची. करवलीचंही तेच. इतक्या वर्षांत एकाही माणसाने साडी वर करून बघितलं नव्हतं, आणि बघणार तरी कशाला?

तर आता मुद्द्याचं. बाईंची एकुलती एक मुलगी चेतना दिवाळीनंतर माहेरी आली होती, ती परत गेली नव्हती.

चेतना मानेसरच्या एका कंपनीत नोकरी करायची. लग्न होऊन सात वर्षं झाली होती, गुडगावात साकेतबरोबर तिचं घर होतं. साकेत वाईट नव्हता, म्हणजे दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता. तो बोलतच नव्हता. कशावरून तरी बिनसायचं आणि मग महिना-महिना त्या घरात फक्त मिक्सरचा आणि टीव्हीचा आवाज. चेतना जेवायला बोलवायची, तो ताट उचलून आतल्या खोलीत न्यायचा. चेतनाने याआधी दोनदा आईकडे येऊन हे सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा आईने तिला समजावून, डब्यात पुरणपोळ्या भरून परत पाठवलं होतं. तिसऱ्या वेळी ती दोन बॅगा आणि एक मोठं खोकं घेऊन आली. खोक्यात तिच्या लग्नातल्या रुखवताचा पाट होता. आईने केलेला. ते खोकं तिने पलंगाच्या पेटीत ढकललं आणि म्हणाली, "बस. आता मी जाणार नाही." वकिलाशीही तिने बोलून घेतलं होतं.

बाईंनी काय करावं? त्यांनी लोकांना सांगितलं, जावई ऑनसाइट गेलेत, सिंगापूरला. चेतना वर्क फ्रॉम होम करतेय, तेवढीच आम्हाला सोबत.

हातगुण असलेल्या बाईच्या स्वतःच्या पोरीचा संसार मोडला, हे कोणत्या तोंडाने सांगायचं होतं त्यांनी? थाप एकदा मारली की ती सांभाळावी लागते आणि सांभाळता सांभाळता माणूस थकतो. श्रीपादरावांना तर खोटं बोलायची सवयच नव्हती. खालच्या पार्कात कुणी विचारलं तर ते मलेशिया म्हणून यायचे. "सिंगापूर की मलेशिया, एकदा काय ते ठरव बाई," ते वैतागून म्हणायचे, "नाहीतर मी सरळ सांगून मोकळा होतो." बाई म्हणायच्या, "तुम्ही पार्कात जाऊच नका." मग ते खरंच जाईनासे झाले आणि दिवसभर घरात मफलर गुंडाळून बसायला लागले. म्हणजे तेही बाईंच्याच डोक्याला.

अशात देविका नाबर आली. देविका गुडगावची, नवरा मोठ्या कंपनीत, मुलगी रुचिरा हिचं लग्न फेब्रुवारीत. देविका जीव लावणारी होती पण तोंडाने भारी फटकळ, आणि तिचा आवाज दोन खोल्या ओलांडून जायचा. देखावा अर्धा झाला होता तो बघायला ती मुद्दाम आली. नवरीचं तोंड नुकतंच रंगवून झालं होतं. देविकाने ते हातात घेतलं आणि म्हणाली, "बाई गं! काय डोळे काढलेत, काकू! आता बोलेल असं वाटतंय. आमच्या विहीणबाईंना मी सांगून ठेवलंय, बाहुल्या अलकाकाकूंच्या आहेत म्हटलं, काळजीच नको."

"जमलंय खरं," बाई म्हणाल्या.

"आणि काकू, एक हक्काचं काम आहे. नाही म्हणायचं नाही." देविका पुढे सरकून बसली. "मुहूर्ताची हळद कांडायला पाच सवाष्णी हव्यात. पुण्यात एका जिन्यावर पाच मिळाल्या असत्या हो, पण इथे मराठी सवाष्ण शोधायची म्हणजे फिरावं लागतं. कुणी कॅनडात, कुणाला ऑफिस, कुणाला नऊवारी नको. चार कशाबशा जमवल्यात. पाचवी आपली चेतना! तुमच्या घरची सवाष्ण म्हणजे डबल हातगुण."

अलकनंदाबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. इतक्या महिन्यांच्या सवयीने तोंडातून आपोआपच बाहेर पडलं, "येईल की. का नाही येणार?"

आतल्या खोलीत चेतना लॅपटॉपपुढे बसली होती. कानात इयरफोन होते, पण मीटिंग संपली होती, आणि देविकाचा आवाज कसा होता ते सांगितलंच आहे.

देविकाला जिन्यापर्यंत पोचवून बाई आत आल्या तर चेतना पलंगाची पेटी उघडून खोकं बाहेर काढत होती. आदळआपट नाही, काही नाही. आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. तिने स्वतःच्या लग्नाचा पाट टेबलावर ठेवला, त्यावरची धूळ फुंकली, आईच्या डब्यातली कात्री घेतली आणि पाट उलटा करून नवरीखालचा दोरा कापला.

"अगं, काय करतेस? फाटेल ना ती!"

चेतनाने नवरी सुटी केली आणि टेबलावर उभी केली. नवरी आडवी झाली. तिने परत उभी केली. परत आडवी. तिने साडी वर करून बघितलं.

"आई, हिला पाय नाहीत?"

"पाय कशाला हवेत? साडीत दिसतात कुठे?"

"साकेतला आहेत." म्हणजे तिच्या पाटावरच्या नवऱ्यामुलाला.

"त्याचं धोतर आखूड असतं."

"भटजींना आहेत. या ढोलवाल्यालापण आहेत. अच्छा, फक्त मलाच नाहीत?"

"तू म्हणजे काय? बाहुली आहे ती," बाई चिडल्या. "आणि पाटाला शिवलेली असते. तिला कुठे जायचंय?"

बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. श्रीपादराव खुर्चीतून उठले, आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात निघून गेले.

चेतना खाली बघत म्हणाली, "पहिल्यांदा आले होते ना मी, दोन वर्षांपूर्वी राखीला, तेव्हा तू काय म्हणाली होतीस, आठवतंय?"

बाईंना आठवत होतं. न आठवायला काय झालं? त्या म्हणाल्या होत्या, अगं, लोक माझ्या हाताच्या भरवशावर पोरींची लग्नं लावतात आणि तू मला तोंडघशी पाडणार का? हसत म्हणाल्या होत्या, पण म्हणाल्या होत्या. पोरीला काय होतंय, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

"तुझ्या हातगुणासाठी मी दोन वर्षं जास्त राहिले, आई," चेतना म्हणाली. "तो बोलत नव्हता आणि तू ऐकत नव्हतीस. मग मी कुणाशी बोलायचं? एकदा यार, ऑफिसच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला मी सगळं सांगून टाकलं. नावपण माहीत नव्हतं तिचं. हिंदीत सांगितलं, सगळं. ती रडली. मी नाही रडले."

आपल्या पोरीने आपलं दुःख परक्या बाईला परक्या भाषेत सांगितलं आणि त्या बाईने ते ऐकून घेतलं. आपल्याला तेवढंही जमलं नाही. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की समोरच्या टेबलाकडेही बघवेना.

"हळदीला मी येणार नाही," चेतना उठली. "बिल्कुल नाही. तू सांग, नाहीतर मी फोन करून सांगते. पण सवाष्ण बनून मी मुसळ धरणार नाही."

पुढचे काही दिवस बाईंनी काम केलं असं म्हणायचं, एवढंच. ऊन आलं की बाल्कनीत बसायचं, सुई हातात धरायची आणि ऊन गेलं की उठायचं. करवलीचा हात उलटा शिवला गेला, तो उसवला. मामाची टोपी सैल झाली. एका दुपारी त्यांना युक्ती सुचली आणि चेहरा जरा उजळला.

"अहो, ऐकलंत का? देविकाला ऐनवेळी सांगते, चेतनाला अडचण आली. अडचणीपुढे कोण काय बोलणार? ती दुसरी कुणीतरी बघेल."

श्रीपादराव मटार सोलत होते. शेंग तशीच हातात धरून ते म्हणाले, "आणि पुढच्या लग्नाला?"

"पुढचं पुढे."

"मंडळाच्या हळदीकुंकवाला? चैत्रगौरीला? दर वेळी अडचण? अगं, डॉक्टरकडे न्या म्हणतील पोरीला." मग ते हळू आवाजात म्हणाले, "अलका, मी थकलो गं. मला पार्कात जायचंय."

एवढंच म्हणाले आणि पुन्हा मटार सोलायला लागले. बाईंनी नवऱ्याकडे नीट बघितलं. दाढी वाढली होती, मफलरला चहाचे डाग होते. हा माणूस आपल्या एका थापेपायी कितीतरी दिवस उन्हात बसलेला नाही, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. तिकडे पोरगी खोलीत, इकडे हा खुर्चीत. सगळ्या घराला आपण पाटाला शिवून ठेवलंय असं त्यांना वाटलं, आणि त्या विचाराने त्यांना आणखीच थकवा आला.

देविका देखावा न्यायला आली तेव्हा सगळी मंडळी टेबलावर तयार होती. नवरा आणि नवरी तेवढी पाटाला शिवायची राहिली होती. ते काम बाई नेहमी नेणाऱ्याच्या समोर करायच्या. देविका आल्या आल्या सोफ्यावर बसली आणि हळदीच्या दिवशी गाडी किती वाजता पाठवू, असं विचारायला लागली.

"गाडी नको पाठवूस," अलकनंदाबाई म्हणाल्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या, बसलं असतं तर कदाचित जमलं नसतं. "चेतना सवाष्ण म्हणून येणार नाही. ती घर सोडून आलीये. कायमची. सिंगापूर वगैरे काही नाही गं, मी खोटं बोलले तुझ्याशी. सगळ्यांशीच बोलले."

अशी गप्प झालेली देविका दिल्लीत कुणी पाहिली नसेल. मग ती उठली, तिने बाईंचे दोन्ही हात धरले आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "काकू, असं कसं हो झालं? किती गोड पोरगी! काही मदत हवी का? आमच्या ह्यांच्या ओळखीचे वकील आहेत." मनापासून म्हणाली. तिच्या मनात खोट नव्हती, हे सांगायला हवं.

आणि तसं म्हणता म्हणताच तिची नजर टेबलावर गेली.

"एक मिनिट हं, काकू, एक फोन करते," ती म्हणाली आणि बाल्कनीत गेली. काच ओढून घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच ती हळू बोलत होती. आतून नुसते तिचे हात दिसत होते, एकदा कपाळाला लागलेले, एकदा हवेत. फोन संपल्यावरही ती बराच वेळ आत येईना. आली तेव्हा तिने बाईंच्या डोळ्यांत बघायचं टाळलं.

"काकू, राग मानू नका. मी असलं काही मानत नाही, तुम्हाला माहितीये. पण आमच्या सासूबाई आहेत ना, पुण्याहून आल्यात. आणि लग्नाचं घर. उद्या काही झालं तर आयुष्यभर मलाच ऐकवतील." मग घाईघाईने म्हणाली, "असं करू या का? भटजी, मामा, करवली, वाजंत्री, ते सगळं नेते मी. इतकं सुंदर झालंय. नवरा-नवरी तेवढे राहू देत. रुचिराच्या आत्याने ऑनलाइन बघितलेत."

म्हणजे भटजी चालत होते. वाजंत्री चालत होते. हात तोच, सुई तीच, बनियनसुद्धा तेच. पण सनईवाल्याचा संसार मोडला तरी चालतो, नाही का?

श्रीपादराव काहीतरी बोलणार होते, त्यांच्या मानेची शीर फुगलेली बाईंना दिसली. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि मान हलवली. मग एकेकाला उचलून वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतलं. भटजींची शेंडी मोडू नये म्हणून वर कापूस ठेवला. करवलीच्या हातातला दिवा वेगळा बांधून दिला. हात सवयीने चालत होते. राग येईल असं त्यांना वाटलं होतं, पण आलाच नाही. दिवसभर जड पिशवी वाहून ती खाली ठेवली की बोटं कशी ठणकतात, तसं काहीतरी होत होतं.

खोकं घेऊन देविका दाराशी पोचली तेव्हा चेतना आतून बाहेर आली. दोघी समोरासमोर. देविका म्हणाली, "लग्नाला ये हं, चेतना. नक्की ये." आणि मग जरा अडखळून म्हणाली, "जेवायला ये."

"येईन ना, मावशी," चेतना म्हणाली.

दार लागलं. श्रीपादराव मग जे सुरू झाले ते थांबेचनात. "भटजी चालतात! माझी शेंडी चालते! अगं, त्या मामाच्या पोटात कापूस कुणी भरला? परत मागव ती सगळी वरात, मी जातो गुडगावला!" बोलता बोलता त्यांनी चपला घातल्या, मफलर गुंडाळला आणि गुडगावला न जाता खाली पार्कात गेले. उद्या सगळ्या द्वारकेला कळलेलं असेल, बाईंच्या मनात आलं. कळू दे. सिंगापूरला त्यांचं कुणी नव्हतं आणि मलेशियालाही नव्हतं.

दुपारी ऊन आलं. बाई बाल्कनीत जाऊन बसल्या. खरं तर त्यांना नुसतं बसायचं होतं, डोळे मिटून, काहीही न करता. पण टीव्हीच्या टेबलावर चेतनाची ती कापून काढलेली नवरी भिंतीला टेकवून ठेवली होती. सात वर्षांत साडीचा पिवळा रंग उतरला होता, पण चेहरा तसाच होता. तो चेहरा रंगवताना बाई रडल्या होत्या, पोरगी आता जाणार म्हणून. इतक्या नवऱ्यामुलींत एवढी एकच त्यांनी रडत केली होती, आणि तिलासुद्धा पाय दिले नव्हते.

त्यांनी उठून ती आणली. साडी सोडली, पुठ्ठ्याचा शंकू काढून बाजूला ठेवला, तार घेतली. आणि तार हातात धरून तशाच बसल्या. त्यांना बाईचे पाय करता येत नव्हते! इतकी वर्षं पुरुषांचेच केले होते, जाडेभरडे, धोतराखालून दिसतील असे. बाईचा घोटा कसा असतो, टाच कुठे वळते, बोटं कशी उतरत येतात, काही म्हणून हाताला ठाऊक नव्हतं.

"चेतना," त्यांनी हाक मारली. "इकडे ये जरा."

चेतना आली. आईच्या मांडीवरची उघडी बाहुली तिने बघितली.

"बस. पाय दे इकडे."

"काय?"

"अगं, दे ना. बघायचाय मला."

चेतना समोरच्या स्टुलावर बसली आणि तिने पाय आईच्या मांडीवर ठेवला. पायात लोकरी मोजा होता. दिवाळीपासून थंडी पडली होती आणि तेव्हापासून घरात सगळ्यांच्याच पायांत मोजे होते. बाईंनी तो ओढून काढला. पाय गार होता. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून चोळला, पोर शाळेतून भिजून यायची तेव्हा चोळायच्या तसा. मग घोटा चाचपून बघितला, टाचेवरून अंगठा फिरवला आणि बोटांपाशी आल्या.

अंगठ्याजवळच्या बोटात जोडवं नव्हतं. होतं तिथे त्वचा खोल दबली होती, गोल, पांढुरकी. सात वर्षांचा वळ. गळ्यात मंगळसूत्र तर चेतना सणासुदीशिवाय कधीच घालत नसे, म्हणून तिकडे बाईंचं लक्ष गेलं नव्हतं. पायांकडे त्यांनी बघितलंच नव्हतं. इतके दिवस ही पोर याच घरात, याच पायांनी चालत होती.

"दुखतं का गं?" त्यांनी विचारलं.

"आता नाही."

बाईंनी त्या वळावर अंगठा ठेवला. त्यांना खूप काही म्हणायचं होतं. चुकले म्हणायचं होतं, पहिल्यांदाच ठेवून घ्यायला हवं होतं म्हणायचं होतं. पण त्यांनी नाक पदराला पुसलं, पक्कड उचलली आणि लेकीच्या पायाकडे बघत बघत तार वाकवायला घेतली. ऊन कठड्यावरून सरकायला लागलं होतं. सुईत दोरा ओवायला गेल्या तर जमेना, तेव्हा चेतनाने पुढे वाकून त्यांच्या हातून सुई घेतली आणि ओवून दिली.

"एवढे मोठे?" तारेच्या पावलांकडे बघून चेतनाने विचारलं. "आई, तिच्या मानाने केवढे झालेत!"

"असू देत," अलकनंदाबाई म्हणाल्या. "मुद्दामच मोठे करतेय. परत पडायला नको."